चालत्या गाडीतली पंगत

उशीला खोळ चढवता चढवता मी मान वर केली, तर समोर फोटोतला मुलगा उभा. एक टॉवेल कमी आहे म्हणून सांगत होता, हिंदीत, हात पुढे करून. मी टॉवेल दिला. दिला म्हणजे हातानं आपलं काम केलं, मी तिथे नव्हतोच. हा चेहरा महिनाभर माझ्या घरी कपाटात साड्यांखाली होता. शुभदा, माझी बायको, येताजाता तो काढून बघायची आणि परत ठेवायची. फोटोत चष्मा नव्हता, इथे होता. पण भुवईवरचा बारीक व्रण तोच आणि जरा पुढे आलेले कानही तेच. जयेश कर्णिक, बोरिवली, कम्प्यूटर कंपनीत. खिडकीशी त्याची आई बसली होती, चपला बर्थखाली सरकवून, मांडीवर पर्स धरून. उद्या सकाळी अकराला ही दोघं इंदूरला परदेशीपुऱ्यात माझ्या घरी पोहे खायला येणार होती, माझी सुमेधा बघायला. आणि आत्ता मी त्यांच्या पुढ्यात ठेकेदाराचा निळा शर्ट घालून, काखेत ब्लँकेटं दाबून उभा होतो. तरी तोंडानं रोजचं सुरूच होतं, दो चादर, एक तकिया, एक कंबल, मॅडम ठीक है ना, आणि मॅडमनी मान हलवली आणि मी पुढच्या बर्थकडे सरकलो.

खरं तर ती दोघं आदल्या दिवशीच्या गाडीनं यायची होती, म्हणून तर मी निर्धास्त होतो. तिकिटं पक्की झाली नसतील, किंवा मुलाला सुट्टी मिळाली नसेल, काय असेल ते. मला ती ओळखणार नव्हती, मुलीच्या बापाचा फोटो कोण मागवतं? स्थळ आणलं होतं इंदुरातल्याच तुकोगंजच्या शशिकलाबाईंनी. शुभदाच्या भजनी मंडळातल्या, स्वभावानं चांगल्या, पण कुठलीही गोष्ट जरा सजवून सांगायची खोड. त्यांनी परस्पर बोरिवलीला कळवलं, मुलीचे वडील रेल्वेत आहेत. आम्हाला नंतर कळलं. आता म्हटलं तर मी रेल्वेतच असतो, आठवड्यातल्या अर्ध्या रात्री डब्यातच काढतो. शुभदा म्हणाली, मग काय खोटं आहे त्यात? सुमेधा मात्र तापली. ती इंदूरजवळ राऊच्या कॉलेजात कम्प्यूटर लॅब सांभाळते, सरळ बोलते. ती म्हणाली, ते लोक आले की चहाच्या आधी बाबांनी स्वतः सांगायचं, नंतर कुणाकडून कळायला नको. मी बरं म्हटलं. घरी, आपल्या खुर्चीत, अंघोळ करून, शांतपणे सांगायचं, त्यात काय मोठं? ह्याआधी पुण्याचं एक स्थळ मिल बंद पडलीय एवढ्यावरच गारठलं होतं, पण तेव्हा सुमेधाला काहीच वाटलं नव्हतं. ह्या वेळी वाटत होतं. ती आणि हा मुलगा लॅबमधून एकमेकांना ईमेल करत होते, हे तिनं आईला सांगितलं आणि आईनं मला. काल मी जेवणाचा डबा घेऊन कामावर निघालो तर दारापर्यंत आली आणि म्हणाली, बाबा, मला हा मुलगा हवाय. एवढंच. आजवर तिनं माझ्याकडे काही हवंय म्हणून मागितल्याचं मला आठवत नाही. शाळेतसुद्धा जुन्या दप्तरावर खूश असायची पोरगी.

एक आधीच सांगून ठेवतो, मला ह्या कामाची लाज वाटत नाही. सुरुवातीला वाटायची, नाही कशाला म्हणू. मिलमध्ये मी घडी खात्यात होतो. कापड विणून, धुऊन, रंगवून आलं की शेवटी आमच्याकडे यायचं. आम्ही ते मोजायचो, तपासायचो, घडी घालायचो, शिक्का मारायचो. सगळ्या मिलमध्ये धूळ आणि आवाज, फक्त आमच्याकडे खळीचा वास आणि शांतता. भोंगा झाला की सगळा परदेशीपुरा जागा व्हायचा. मग एका दिवशी फाटकाला कुलूप दिसलं, मग कोर्ट, मग मोर्चे, मग नुसत्याच बाता. तेव्हा इंदुरात एकीकडे नव्या गाड्यांची शोरूम उघडत होती आणि आमच्याकडची माणसं केळ्याची गाडी लावत होती. मी दोन वर्षं घरात बसून शुभदाच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या. शेवटी महूचा उदयसिंह, जो ह्याच ठेकेदाराकडे आधीपासून होता, म्हणाला, चलो पागनीसजी, चादर ही तो है, तुमने तो जिंदगी भर यही किया. पहिल्या फेरीला मी कुणाच्याही तोंडाकडे बघितलं नाही, फक्त बर्थचे नंबर बघितले. पण नंतर, कसं कुणास ठाऊक, बरं वाटायला लागलं. दिवे मालवले की सगळा डबा माझ्या घातलेल्या घडीत झोपतो. मिलमधलं कापड कुठे जायचं ते कधी कळलं नाही. इथे समोर दिसतं. लहान मुलं चादर डोक्यावर ओढून घेतात, म्हातारे नाकाशी धरून वास बघतात आणि पसंत पडला की गप्प झोपतात. टॉवेल पळवणारे पळवतात, त्यांना मी मनात दोन शिव्या देतो आणि विसरतो. आमच्या ठेकेदाराकडे अंथरुणाचा आणि जेवणाचा असे दोन्ही ठेके आहेत, म्हणून आम्हीच घालतो आणि आम्हीच वाढतो. अन्न वाढण्यात एक सुख आहे, ते ज्यानं वाढलंय त्यालाच कळतं.

उदयसिंह शेजारच्या डब्यावर होता. विरार गेल्यावर दोन डब्यांच्या मधल्या खडखडाटात उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि ताबडतोब तोडगा काढला. डबे बदलून घेऊ, तुम उधर, मैं इधर, सकाळी स्टेशनावर शेवटी उतरा, घरी जाऊन नहा-धोके बैठो, कुणाला पत्ता लागणार नाही. बढिया तोडगा होता. मी हो म्हणालोही. थाळ्या उतरवायला लागलो आणि हात थांबला. मनात आलं, अरे, ते उद्या आमची मुलगी अर्धा तास बघणार. ती साडी नेसून, मान खाली घालून पोह्यांची बशी आणणार, तिला विचारणार स्वयंपाक येतो का, गाणं येतं का. आणि मला आज अख्खी रात्र त्यांचा मुलगा बघायला मिळतोय, तोही अटेंडंटशी कसा वागतो ते. कुठल्या मुलीच्या बापाला असा चान्स मिळतो? माणूस बघायचा तर त्याला वाढताना बघावं, असं माझं मत आहे. समोर उभा राहणाऱ्याकडे तो बघतो की ताटाकडे, एवढ्यावर बरंच कळतं. मी उदयसिंहला म्हटलं, रहने दो भिया, मीच बघतो. तो हसला आणि म्हणाला, पागनीसजी, तुम्ही चालू माणूस आहात.

मग मी मार्क द्यायला सुरुवात केली. बूट काढून आत सरकवले, पास. कुणाच्या पायावर पाय पडला तर सॉरी म्हणाला, पास. वरच्या बर्थवरच्या म्हाताऱ्या सिंधी बाबांची बॅग स्वतः उचलून ठेवली, अर्ध्याहून जास्त मार्क. पण एक गोष्ट मला खटकत होती. मी समोरून गेलो की तो माझ्याकडे बघायचा आणि मी बघितलं की नजर फिरवायचा. चादर घालायला गेलो तेव्हा उगीचच उठून उभा राहिला, भिंतीला चिकटून, हात कुठे ठेवावे कळत नसल्यासारखा. मी त्याच्या गादीच्या कडा आत खोचत होतो आणि तो माझ्या पाठीमागे श्वास रोखून उभा. नजर चोरणारी माणसं मला आवडत नाहीत. मिलमध्ये एक सुपरवायझर असाच होता, आणि त्याचं पुढे काय झालं ते जाऊ दे. मला वाटायला लागलं, ह्याच्या मनात काहीतरी आहे, माझ्या पोरीला हा सरळ बोलणार नाही. आईचं मात्र मला बरं वाटलं. ती मुलाशी हळू आवाजात बोलत होती आणि मी शेजारच्या बाईला उशी देत असल्याचं निमित्त करून ऐकत होतो. तिला हे बघण्याचे कार्यक्रम आवडत नाहीत, म्हणत होती. मी तिथे बसून त्या मुलीला काय विचारू, मला माझ्या वेळचं आठवतं, एकानं तर मला चालून दाखवायला लावलं होतं. मुलगा म्हणाला, आई, तू काहीच विचारू नकोस, नुसती भेट. ह्या वाक्याला मी पूर्ण मार्क दिले.

जेवणाच्या वेळी कळलं की त्यांचा घरचा डबा टॅक्सीत राहिला. आपली माणसं प्रवासाला निघाली की दशम्या, बटाट्याची भाजी, कोरडी चटणी हे सगळं सोबत असायचंच. डबा विसरला म्हणजे आई हळहळणार, आणि ती हळहळत होतीच. म्हणून दोन थाळ्या. आमच्या थाळीबद्दल मी काही बोलत नाही. पातळ भाजी, सुकी भाजी, वरण, भात, पोळ्या, दही. पोळ्या कागदात गुंडाळलेल्या असतात आणि गार झाल्या की चावताना दात कामाला लागतात. मी त्यांच्यासाठी खालच्या थरातल्या, जरा उबदार असलेल्या काढल्या. आता हे मी का केलं? मार्क देणाऱ्यानं असं करू नये. पण त्या दोन थाळ्या हातात घेतल्यावर मला एकदम जाणवलं की मी कुणाला वाढतोय. हीच बाई, सगळं जमून आलं तर, माझी विहीण. लग्नात विहिणीची पंगत असते. ताटाभोवती रांगोळी, उदबत्ती, आणि मुलीचे आईबाप उभे राहून एकेक पदार्थ आग्रह करून वाढतात, ती नको म्हणते, हे घ्याच म्हणतात. माझ्या बहिणीच्या लग्नात माझे वडील असे उभे होते, कमरेत वाकून, हातात जिलबीचं ताट, चेहऱ्यावर हसू आणि कपाळावर घाम. मी तेव्हा कोपऱ्यात उभा राहून विचार करत होतो की ह्या माणसाला कुणी बस म्हणत का नाही. आणि इथे मी, चालत्या गाडीत, रुळांच्या हिसक्यांवर तोल सांभाळत, तेच करायला निघालो होतो.

वाढलं. पुढे गेलो, बाकीच्यांना दिलं, परत आलो. बाईंनी थोडंसं खाऊन हात आखडता घेतला होता. भात तसाच, पोळी अर्धी. काळजीनं जेवण जात नव्हतं, दिसतच होतं. माझ्याकडे दह्याच्या दोन वाट्या उरल्या होत्या. मी वाकलो, आणि काय झालं ते मलाही कळलं नाही, एवढा वेळ जपून वापरलेली हिंदी कुठल्या कुठे गेली. म्हणालो, "घ्या हो, असं कसं? दहीभात तरी घ्या दोन घास. बरं, अर्धी वाटी." आणि वाटी रिकामी केलीसुद्धा. बाईंनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले, नको नको, पुरे, अगदी पुरे, असं म्हणत, पंगतीत धरतात तसे. मी म्हटलं, "एवढ्यानं काय होतंय, प्रवास लांबचा आहे." मग आम्ही दोघंही थबकलो. ती माझ्याकडे बघत राहिली. गाडीतला माणूस ताट ठेवतो आणि जातो, फार तर पाणी हवं का विचारतो. आग्रह कोण करतं? माझे कान तापले. इतकी वर्षं इतक्या थाळ्या दिल्या, कधी कुणाला घास जास्त घ्या म्हटलं नव्हतं.

तिनं विचारलं, मराठी आहात वाटतं, इंदूरचे का? मी हो म्हटलं. तिचा चेहरा मोकळा झाला, परक्या मुलखात आपलं माणूस भेटल्यासारखा. जरा पुढे सरकून, आवाज खाली आणून ती म्हणाली, "परदेशीपुऱ्यातले पागनीस माहीत आहेत का हो तुम्हाला? तेही रेल्वेतच आहेत."

"ओळखतो," मी म्हटलं.

"कशी आहेत माणसं? नाही, आम्ही उद्या त्यांच्याकडे निघालोय. कुणाकडून तरी खरं कळावं, म्हणून विचारते."

लग्न जमवताना अशी चौकशी होतेच. शेजारपाजारी, दुकानदार, ऑफिसातला कोणी, सगळ्यांना आडून विचारतात, माणसं कशी आहेत. मीही जयेशची केली होती, बोरिवलीच्या एका लांबच्या मेहुण्याकडून. पण मुलीच्या बापाची चौकशी मुलीच्या बापाकडेच झालेली मी कधी ऐकली नव्हती. जिभेवर काय काय आलं म्हणून सांगू. फार चांगली माणसं हो, देवमाणूस आहे पागनीस, असं म्हटलं असतं तर? उद्या अकरा वाजता दार उघडताना काय तोंड दाखवलं असतं, ते तेव्हा सुचलं नाही. सुचली ती सुमेधा, दारात उभी, हवाय म्हणणारी. खरं सांगितलं तर स्थळ आत्ता जाईल, खोटं सांगितलं तर उद्या जाईल, एवढंच डोक्यात घुमत होतं. समोर जयेशनं हातातला घास खाली ठेवला होता आणि तो श्वास रोखून माझ्याकडे बघत होता, पहिल्यांदाच सरळ. मी दह्याची रिकामी वाटी ट्रेमध्ये ठेवली.

"मिलमध्ये होते, घडी खात्यात. मिल बंद पडली. आता ह्याच गाडीवर चादरी देतात, जेवण वाढतात. ठेकेदाराकडे."

बाईंची नजर माझ्या निळ्या शर्टावर आली आणि तिथेच थांबली. आम्हाला तर अधिकारी आहेत असं सांगितलं होतं, ती अगदी हळू म्हणाली. मग, अजून पूर्ण उमगलं नसल्यासारखं, सवयीनंच, पुढचा प्रश्न तिच्या तोंडून निघाला. "आणि मुलगी?"

आता मुलीबद्दल तिऱ्हाइतासारखं कसं बोलणार? चांगली आहे, शिकलेली आहे, हे कोणीही बोलेल. मी ट्रे खाली ठेवला.

"मुलगी माझी आहे," मी म्हटलं.

बाई माझ्याकडून मुलाकडे वळल्या आणि तिथेच सगळं फिरलं, कारण मुलाच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. नुसता लाल झाला होता. तुला माहीत होतं, त्या म्हणाल्या. त्यानं मान हलवली. कधीपासून? सुमेधानं पहिल्याच आठवड्यात कळवलं होतं, तो पुटपुटला, ह्या गाडीवर असतात तेही, फोटोसुद्धा ईमेलनं पाठवला होता. म्हणजे तिकिटं बदलली ती ह्यासाठी, माझ्या ध्यानात आलं. बाई तशाच उठल्या, खरकट्या हातानं, आणि म्हणाल्या, "आणि तू ह्यांच्याकडून अंथरूण घालून घेतलंस? ह्यांना उभं ठेवून जेवलास?" तेवढ्यात पलीकडून कोणीतरी पाणी मागितलं आणि मी निघालो. पाणी दिलं, ताटं गोळा केली, दिवे मालवले, दाराशेजारच्या माझ्या फळीवर जाऊन बसलो. शुभदानं दिलेला डबा उघडला आणि झाकला. बाईंचा राग माझ्यावर नव्हता, हे कळत होतं, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. मलाच राग आला होता, आणि तो पोरावर. तो नजर का चोरत होता ते आता समजलं. ओळखत होता आणि टॉवेल मागत होता. भैया म्हणाला मला. मी त्याचे सगळे मार्क कापून टाकले. सुमेधाला जाऊन सांगतो, हा पोरगा तुझ्या बापाला ओळख दाखवत नाही, विचार कर, असं मनाशी घोळवत मी बसून राहिलो आणि केव्हातरी डोळा लागला.

नागदा गेलं आणि उजाडलं. थंडीचे दिवस होते, काचेवर बाहेरून दव होतं. मी चेहरा धुऊन आलो तर जयेश माझ्या फळीपाशी उभा. रात्रभर झोपला नव्हता, दिसतच होतं. काका, असं म्हणाला आणि पुढचं त्याला येईना. मी त्याला मदत केली नाही, कशाला करू? शेवटी तो म्हणाला, "तुम्हाला आधी बघावं म्हणून ही गाडी धरली, मला पहिल्या मिनिटाला पाया पडायचं होतं. पण सुमेधानं बजावलं होतं, डब्यात बाबांना ओळख दाखवू नकोस. कामावर असताना कोणी ओळखलं की त्यांना फार त्रास होतो. घरी बोलत नाहीत, पण तेव्हा ते दोन-दोन दिवस जेवत नाहीत."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. लगेच आठवलं. परदेशीपुऱ्यातले आमचे एक शेजारी, मिलच्या ऑफिसातले, एकदा माझ्या डब्यात चढले होते. भर डब्यात ओरडले, अरे लक्ष्मीकांत, तू इथे, आणि सगळ्यांना सांगितलं, हे आमच्या मिलचे, कसले दिवस आले बघा. मी हसलो होतो. त्यांना जास्तीचं ब्लँकेट दिलं होतं. घरी येऊन शुभदाला किस्सा म्हणून हसत हसत सांगितला, आणि पोट बिघडलंय म्हणून जेवलो नाही. मला वाटलं होतं, पोट बिघडलंय हे सगळ्यांनी मानलं. सुमेधा तेव्हा कॉलेजात शिकत होती, आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेली असायची. मी घरात येताना शर्ट काढून पिशवीत कोंबून येतो, स्टेशनावरच बदलतो, हेही तिनं पाहिलं असणार. आणि मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत हिंडतोय, मला लाज वाटत नाही. पोरीनं ते खरं धरल्याचं दाखवलं आणि मागून गुपचूप माझी राखण केली. लग्नाच्या मुलालासुद्धा आधी काय बजावलं, तर माझ्या बापाला सांभाळून. मला रडू आलं. अगदी उघड, त्या पोरासमोर. तो घाबरला, पाणी आणू का म्हणाला, आणि मी रडता रडता हसलो, कारण पाणी माझ्याच ताब्यात होतं.

उज्जैन यायच्या आधी बाईंनी मला नावानं हाक मारली. पागनीस, जरा इकडे या. मी गेलो आणि सवयीनं उभा राहिलो. त्यांनी समोरची चादर बाजूला सारून जागा केली, बसा म्हणाल्या. आम्ही प्रवाशांच्या बर्थवर बसत नाही, कामाचा रिवाज आहे. मी बसलो. त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, त्यांनी सांगितलं, जन्मभर लोकांना जोडून दिलं आणि कुणी नाव विचारलं नाही, मग फोन आपोआप लागायला लागले आणि त्या घरी बसल्या. अधिकारी नाही म्हणून वाईट वाटलं का, तर वाटलं, खोटं बोलत नाही, रात्री वाटलं. शशिकलाबाईंना तर मी बघणारच आहे, त्या म्हणाल्या. पण डोळ्यांसमोर सारखे माझे वडील येत होते. माझ्या लग्नात ते विहिणीच्या पंगतीला असेच वाकून दही वाढत होते, आणि माझी सासू ताटावरून उठून गेली, मीठ कमी म्हणून. वडील उपाशीच राहिले. "मला ती पंगत नको आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाढायचं आणि मी हात आडवा धरायचा, हे काल झालं तेवढं पुरे. लग्नात तुम्ही माझ्याबरोबर जेवायला बसणार असाल, तर माझ्याकडून होकार आहे. मुलीला मी आज बघायची नाही, भेटायची आहे."

मी होकार ऐकला आणि डोकं एकदम हलकं झालं. त्यांचा बेत आधी तुकोगंजला शशिकलाबाईंकडे उतरायचा होता, अंघोळी, कपडे, मग अकराला आमच्याकडे. मी म्हटलं, नाही, आधी माझ्याकडे चला, आत्ताच, मी आहे असाच येतो. इंदूरला उदयसिंहनं चादरींचे गठ्ठे उतरवायचं स्वतःवर घेतलं, जाओ जाओ म्हणाला, मिशीत हसत. आम्ही तिघं टेम्पोत बसलो. सकाळची ऊनसावली होती, दुकानांसमोर जिलब्या तळल्या जात होत्या, आणि मी निळ्या शर्टात, ठेकेदाराचं नाव छातीवर घेऊन, ओळखीच्या चौकांतून चाललो होतो. मिलच्या फाटकाशी एका पानवाल्यानं बघितलं आणि हात वर केला. मीही केला. बाई बाहेर बघत होत्या, जयेश बॅग मांडीवर धरून बसला होता, आणि मला, काय सांगू, मुलगी दिल्याइतकाच मुलगा मिळाल्याचा आनंद झाला होता.

दार सुमेधानं उघडलं. केस ओले, खांद्यावर पंचा, घरातला जुना ड्रेस. तयारीला अजून दोन तास आहेत अशा समजात होती. तिनं बाईंकडे पाहिलं नाही, जयेशकडेही नाही. माझ्या शर्टाकडे पाहिलं. आत शुभदाच्या हातून काहीतरी खाली पडलं.

"बाबा," ती म्हणाली, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग?" तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मग काय, कालपासून पोटात काही नाही," मी आत जाऊन पाहुण्यांच्या आधी खुर्चीत बसत म्हटलं. "भूक लागलीय. पोहे टाका, सगळ्यांचे एकदम."